१९१२ : कापसाच्या वाटेवरच्या बाया

साल १९१२. मार्गशीर्षातली थंडी. ढोकीजवळच्या एका खेड्यात, माळवदाच्या घरात तुम्ही डोळे उघडता तेव्हा कोंबडाही आरवलेला नसतो. जिल्ह्याचा कारभार नळदुर्गाहून धाराशिवला हलून आठ वर्षं झालीत. हैदराबादच्या निजामी गादीवर मीर उस्मान अली खान बसून वर्ष-सव्वावर्ष झालंय. यातलं काहीही तुमच्या कानावर आलेलं नाही. तुम्ही कुणब्याची सून आहात, वय सतरा-अठरा, पोर अजून अंगावर पितंय. आज सूर्य उगवायच्या आत ज्वारी दळून व्हायला हवी, एवढीच काय ती ताजी बातमी.

जात्याच्या खुंट्याला समोरून जाऊ हात लावते. दोघींचा हात एका लयीत फिरू लागतो आणि ओवी आपोआप तोंडात येते. माहेरचा भाऊ, पंढरीचा विठोबा, तुळजापूरची आई. सासूचं नाव ओवीत येतं ते जरा आडवळणानं, कारण सासू पलीकडच्याच खणात झोपलीय.

उतरंडीमागं एक रहाट धूळ खात पडलाय. तो आजेसासूचा. तिच्या तरुणपणी दुपारी हात मोकळे झाले की ती सूत काढायची, साळी ते विकत न्यायचा आणि मीठमिरचीचे पैसे तिच्या कनवटीला लागायचे. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. त्याआधीपासून विलायती सूत बाजारात होतंच. आता साळ्याच्या घरी मागावर मिलचं सूत चढतं आणि साळीण दिवसभर कांड्या भरत बसते. तिचं काम टिकलं, आजेसासूचं गेलं. यंत्र या घरात कधी आलंच नाही, पण घरातल्या बाईची हक्काची मिळकत तेवढी घेऊन गेलं.

उजाडता उजाडता तुम्ही शेतात असता. दव आहे तोवरच वेचायचं. एकदा ऊन तापलं की बोंडाभोवतीचा पाला चुरतो आणि कापसात कचरा जातो. पदराची ओटी कमरेला गच्च बांधलेली, पऱ्हाटी मांड्यांना घासतेय. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं नखाच्या मुळाशी रुततात. तीन बोटांनी कापूस धरायचा, एका हिसक्यात उपसायचा, ओटीत टाकायचा. दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर. गावरान कापूस हा, बोंड लहान आणि धागा आखूड, त्यामुळं ओटी भरायला वेळ लागतो. बांधावरून आवाज येतो, "काय बघलालीस गं? उन्हं वर येलालीत, उचल हात!"

रान देशमुखांच्या वाड्याचं आहे. दुपारी ढीग पडतो, त्यातला ठरलेला वाटा तुमचा. शेजारच्या ओळीत महारवाड्यातल्या दोघी वेचतायत. त्यांच्या ओटीतला कापूस तुमच्याच ढिगात मिसळतो, त्याला विटाळ नाही. तहान लागली की मात्र त्यांनी ओंजळ धरायची आणि वरून कुणी पाणी घालेल याची वाट बघायची.

आता अंग बदला. तुम्ही वाड्यातल्या धाकट्या वहिनीसाहेब आहात. हातात गोठ-पाटल्या, गळ्यात पुतळ्यांची माळ, नेसूला इरकल. तुमच्या हाताची बोटं मऊ आहेत. कापूस तुम्ही पाहता तो ढाळजेच्या आत आल्यावर, माजघराच्या दारातून, गडी चौकात ओझं उतरवताना. ढाळजेपलीकडं पाऊल टाकायचं ते सणावाराला, झाकल्या छकड्यातून. देशमुखाघरच्या बायका चारचौघांत दिसत नाहीत आणि याच दिसण्या-न दिसण्यावर घराण्याची पत मोजली जाते.

तुमच्याकडंही कामं कमी नाहीत. बाळंतिणींची उठबस, लोणची-पापड, पाव्हण्यांच्या पंगती, कोठीच्या किल्ल्या. अंगमेहनतीचं काम दुसऱ्यांवर सोपवता येतं, घरातल्या माणसांची मर्जी मात्र तुम्हालाच राखावी लागते. नव्या काळानं तुम्हाला रॉकेलचा दिवा, मँचेस्टरचं तलम कापड आणि सुगंधी साबणाची वडी दिली. रुपयाचा व्यवहार अजून हाती दिलेला नाही. अंगावर पाचपन्नास तोळे असले तरी त्यातला एक मणी मोडायचा तर तो घरच्या पुरुषांच्या सल्ल्यानं.

गावच्या कुलकर्ण्यांच्या घरात डोकवा. आलवण नेसलेली, केशवपन झालेली बालविधवा आत्या तिथं सोवळ्यात स्वयंपाक करतेय. पहाटे विहीर, मग चूल, मग इतरांची पोरं. एकभुक्त राहून ती सगळं घर ओढते. तिच्या कामाला मजुरी नाही आणि त्याला काम म्हणायची पद्धतही नाही.

ढोकीच्या ठेसनावर चला. अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी उभी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली ही लाईन बार्शीपर्यंत आणली. पुढं ती निजामी हद्दीत शिरली आणि गेल्या साली, १९११ ला, लातूरला पोचली. धाराशिव गावाला तिनं बगल दिली. तो रूळ गावात यायला एकविसावं शतक उजाडणार आहे.

फलाटाच्या कडेला लमाण बाया जळणाच्या मोळ्या घेऊन बसल्यात. आरशाची भिंगं टाचलेली चोळी, कोपरापर्यंत बलोती बांगड्या. यांच्या आज्यांनी बैलांच्या तांड्यावरून मीठ आणि धान्य मुलखामुलखांत पोचवलं, तांड्यासोबत घरं चालवली. रेल्वेनं तो धंदा खाल्ला. आता त्याच रेल्वेच्या ठेसनावर त्या जळण विकतात, नाहीतर सडकेवर खडी फोडतात. १९०० च्या दुष्काळात खडी फोडायला कुणबीण, महारीण, लमाणीण एकाच रांगेत बसली होती. पाऊस पडल्यावर रांग पुन्हा मोडली.

लातूरला उतरा. हे गाव अजून उस्मानाबाद, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातच आहे, वेगळा जिल्हा व्हायला १९८२ उजाडेल. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेचाही पत्ता नाही. कापसाच्या गाड्यांची रांग मात्र सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापर्यंत लागलीय. तुम्ही आता जिनातल्या मजूर बाई आहात. खेड्यात वाटा पुरेना, म्हणून हंगामापुरत्या आलेल्या.

आत शिरलात की आधी नाक चोंदतं. हवेत रुईचं पांढरं धुकं. पदर नाकातोंडावरून गुंडाळून डोक्यामागं गाठ मारा. लांबच लांब रांगेत रेचे मांडलेत, प्रत्येकामागं एक बाई. चामड्याचा रूळ गरगर फिरतोय, पात्याला तो घासतो तिथं रुई ओढली जाते आणि सरकी खाली गळते. तुमचं काम एवढंच: कापूस तळहातानं सारखा पसरून रुळाकडं सरकवत राहायचा. जास्त गेला तर रेचा अडतो, कमी गेला तर मुकादम ओरडतो. लांब दांड्यावरून चामड्याचे पट्टे सपासप फिरतायत. पदराचं टोक त्यात गेलं तर माणूसच ओढला जातो, म्हणून जुन्या बाया नवीला पहिल्याच दिवशी काष्टा आणि पदर खोचायला शिकवतात.

पोर कुठं ठेवायचं? भिंतीच्या खुंटीला झोळी. रडू नये म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी अफू. हे सोलापुरात चालतं, मुंबईच्या गिरण्यांत चालतं, इथंही चालतं. दूध पाजायला उठलात तर रेचा थांबत नाही, शेजारणीला दोन रेचे सांभाळावे लागतात. तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण? जातीनं कोणीच नाही. पण हंगामभर एकीनं दुसरीचं पोर राखलंय, असं नातं गावात जुळलं नसतं.

दिवस मावळतो. कंदील लागतात. रेचे चालूच. हिंदुस्थानातल्या कारखान्यांची चौकशी करणाऱ्या १९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढं हेच आलं होतं: जिनांमध्ये हंगामात सतरा-अठरा तास काम चालतं. म्हणून १९११ च्या कायद्यानं हंगामी कारखानेही कक्षेत घेतले आणि बाईच्या दिवसाला अकरा तासांची मर्यादा तिथंही घातली. पण तो कायदा ब्रिटिश मुलखाचा. याच लाईनवर पांगरीच्या पुढं निजामाच्या करोडगिरीची हद्द लागते. तिच्या अलीकडं बार्शीत तो लागू, पलीकडं लातुरात नाही. कापसाची गाठ जकात भरून हद्द ओलांडते, कायद्याला ते जमलं नाही. आठवड्याला हातात पडतात ते निजामी हाली सिक्क्यातले आणे, ब्रिटिश कळदारापेक्षा हलके आणि शेजारच्या पुरुषापेक्षा कमी.

याच कापसानं दूर अमेरिकेतही बायकांच्या अशाच उतरंडी रचल्या होत्या. तिथं १७९३ साली एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं. त्यामुळं कापूस फायद्याचा झाला आणि दक्षिणेत गुलाम बायकांची वेचणी वाढली. तोच कापूस मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या गिरण्यांत गोऱ्या शेतकऱ्यांच्या पोरी बारा-तेरा तास कातत. त्यांनी १८३४ आणि १८३६ साली संप केले, सारा बॅगलीच्या पुढाकारानं दहा तासांच्या दिवसासाठी अर्ज केले, स्वतःचं मासिकही चालवलं. गिरणी-मालकाच्या घरची बाई त्या वेळी दिवाणखान्यात बसून होती, आपल्या वहिनीसाहेबांसारखीच. फरक पडला तो अक्षरओळखीनं. लॉवेलच्या पोरींचं म्हणणं त्यांच्याच हस्ताक्षरात उरलं. लातूरच्या जिनातल्या बाईला सही येत नव्हती. आणि ज्या गुलाम बाईनं कापूस वेचला, तिला अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हाच होता.

तेव्हा यंत्रयुगानं बाईला बाहेर काढलं, हे वाक्य सरसकट खरं नाही. कुणबीण आणि महारीण आधीपासून बाहेरच होती, तिला फक्त रानातून शेडमध्ये नेलं. वहिनीसाहेबांना ते बाहेर काढू शकलं नाही. लमाणीण बाहेर होती आणि स्वतःच्या धंद्यात होती, तिला मजूर केलं. आजेसासूचा घरबसल्याचा पैसा काढून घेतला. जिची जशी पायरी होती, तसा तिचा हिशेब झाला.

पुढं मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशातला पहिला. सरकी आज यंत्र काढतं, सूत यंत्र काढतं, कापडही यंत्र विणतं. धाराशिवच्या शिवारात आता सोयाबीन जास्त दिसतं. पण मराठवाड्यात जिथं म्हणून पऱ्हाटी उभी आहे तिथं वेचणी हातानंच होते, ती बहुतेक बायाच करतात आणि मजुरी किलोवर मिळते. बाळंतपणाची पगारी रजा त्यांना अजून नाही.