उलटं वाचा, गाडी जोडा

आज जाऊया १९५७ च्या इंग्लंडमध्ये. तयार गाडीवर परचेस टॅक्स, सुट्या भागांवर नाही. म्हणून कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन लोक घरीच जोडायचे. पण जोडणीच्या सूचना देणं नियमात बसेना. मग म्हणे कंपनीनं खोलायच्या सूचना दिल्या. वाचा उलट्या!

पुढचं सस्पेन्शन तर भारीच. खाली विशबोन, वर एकच आर्म; त्याचा दुसरा पाय म्हणजे चक्क अँटी-रोल बार. एक दांडा, दोन कामं, वजन कमी. कंजूष, पण हुशार माणूस!

मी एका जुन्या गाडीचे रबरी बुश जॅकवरच कचकचून आवळले होते. गाडी खाली उतरवली आणि रबर पिळवटलं, महिन्याभरात फाटलं. शेवटचा पीळ चाकं टेकल्यावरच द्यायचा असतो. खोलताना तेच नट मी गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले होते. नुसतं उलटं आठवलं असतं तरी बुश वाचले असते!