गट नसलेल्या रक्ताचा शोध

२०१७ साली म्यानमारमधल्या एका स्त्रीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी रक्त गेलं ते कर्नाटकातल्या दावणगेरेहून. तिचा रक्तगट ‘बॉम्बे’. जुळवाजुळव केली बेंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशननं. या गटाच्या दात्यांची नोंद ही संस्था ठेवते.

हा गट जगाला कळला मुंबईमुळे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती दिली. ए आणि बी ही द्रव्यं तांबड्या पेशीवर ज्या ‘एच’ द्रव्यापासून घडतात, तेच या माणसांत नसतं. ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर, त्यामुळे एरवी कोणालाही चालणारं ओ रक्त यांना घातक ठरतं. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर दाता शोधता येतो. अपघातात तेवढी सवड कुठली?

कृत्रिम रक्ताची निकड मला इथे सगळ्यात जास्त जाणवते. रक्तगट असतो पेशीच्या आवरणावर. प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला गट नसतो. मग आवरण काढून नुसतं हिमोग्लोबिन का देऊ नये? विसाव्या शतकात अनेकांनी ते करून पाहिलं. पण पेशीबाहेर पडलेल्या हिमोग्लोबिनचे तुकडे होतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ते शोषून घेतं; वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. रेणू एकमेकांना जोडून तुकडे होणं थांबवता आलं, आवळणं मात्र पुरतं थांबलं नाही. गायीच्या हिमोग्लोबिनपासून केलेल्या हिमोप्युअरला २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं परवानगी दिली. २००८ मध्ये मात्र अशा द्रवांच्या १६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि हृदयविकाराचा झटका व मृत्यू या दोन्हींचा धोका वाढलेला आढळला. फ्लोरोकार्बनच्या द्रवांची वाट निराळी होती. तीही फार पुढे गेली नाही.

खरी दिशा त्याआधीच सापडली होती, असं मला वाटतं. १९५७ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या थॉमस चांग या विद्यार्थ्यानं हिमोग्लोबिन कृत्रिम पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलं. आवरण टाकायचं नाही, गट नसलेलं नवं आवरण घालायचं! जपानमधल्या नारा वैद्यकीय विद्यापीठातले हिरोमी साकाई आज त्याच कल्पनेवर काम करतात. मुदत संपलेल्या दानाच्या रक्तातून हिमोग्लोबिन काढायचं, शुद्ध करायचं आणि स्निग्ध द्रव्यांच्या अतिसूक्ष्म कोशांत बंद करायचं. रक्तपेढीतल्या तांबड्या पेशी थंडीत ठेवूनही जेमतेम ४२ दिवस टिकतात; हे कोश साध्या तापमानाला दोन वर्षं टिकू शकतात. निरोगी स्वयंसेवकांना थोड्या मात्रेत ते देऊन झाले आहेत.

शरीरात ते पेशींइतके टिकत नाहीत, म्हणजे रक्तदाता हवाच. फक्त तो येईपर्यंतचे तास मिळतील. भारतात रुग्णांवर अशा चाचण्या होतील तेव्हा बॉम्बे गटाच्या लोकांचा विचार आधी व्हावा, असं मला मनापासून वाटतं.