माणिकबाग: होळकरांच्या राजवाड्यातलं फर्निचर जगभर कसं विखुरलं?

माणिकबाग म्हटलं की पुणेकरांना सिंहगड रस्ता आठवतो. पण आर्किटेक्चर आणि इंटिरियर डिझाइन शिकणाऱ्या जगभरातल्या विद्यार्थ्यांना या नावाने एक वेगळीच जागा आठवते. ती म्हणजे इंदूरमधला होळकरांचा राजवाडा.

या राजवाड्यात ना सोन्याचा मुलामा होता, ना कोरीवकामाचे खांब. होत्या त्या स्टीलच्या खुर्च्या, काचेचे पलंग आणि भौमितिक आकारांचे गालिचे. वर्ष होतं १९३३. त्या काळी युरोपातही अशी घरं मोजकीच होती.

आज या राजवाड्याची इमारत इंदूरमध्ये उभी आहे. आतलं सामान मात्र परदेशातल्या म्युझियममध्ये आणि संग्राहकांच्या घरांमध्ये आहे. हे घर कुणी बनवलं, त्यात एवढं विशेष काय होतं आणि ते रिकामं कसं झालं, ते समजून घेऊया.

थोडक्यात माणिकबाग

- ठिकाण: इंदूर, मध्य प्रदेश
- बांधकाम आणि सजावट: १९३० ते १९३३
- मालक: महाराजा यशवंतराव होळकर दुसरे आणि महाराणी संयोगिताराजे
- आर्किटेक्ट: एकार्ट मुथेसियस (जर्मनी)
- फर्निचरचा लिलाव: १९८०, मोनॅको
- सध्या: केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय

यशवंतराव होळकर दुसरे कोण होते?

होळकर घराणं मूळचं नीरा नदीकाठच्या होळ गावचं. मल्हारराव होळकरांनी माळव्यात राज्य उभं केलं आणि अहिल्याबाईंनी ते नावारूपाला आणलं. यशवंतराव दुसरे हे याच घराण्याचे शेवटचे सत्ताधीश. त्यांचा जन्म १९०८ सालचा.

ते गादीवर आले तेच एका वादळानंतर. १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याच्या प्रयत्नात हे घडलं होतं. धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी यशवंतरावांचे वडील तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ मध्ये गादी सोडली.

यशवंतराव तेव्हा अवघे १७ वर्षांचे होते. पुढे त्यांचं शिक्षण ऑक्सफर्डमध्ये झालं. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले.

त्यांच्या पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. हे तरुण जोडपं युरोपात फिरलं, चित्रकारांना आणि शिल्पकारांना भेटलं. प्रसिद्ध फोटोग्राफर मॅन रे याने दोघांचे फोटो काढले. त्यात ते राजा-राणी वाटतच नाहीत. एकमेकांच्या सहवासात रमलेलं, हसणारं एक नवं जोडपं दिसतं. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने यशवंतरावांची दोन रूपं रंगवली. एकात ते पाश्चात्त्य पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात पारंपरिक मराठा पेहरावात.

ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली की माणिकबागेमागचा विचार लगेच लक्षात येतो.

आर्किटेक्टही पंचविशीतलाच

यशवंतरावांची एकार्ट मुथेसियसशी ओळख इंग्लंडमध्ये, विद्यार्थिदशेत झाली. मुथेसियसचा जन्म १९०४ चा. म्हणजे घर बांधायचं ठरलं तेव्हा राजा विशी-एकविशीतला आणि आर्किटेक्ट पंचविशीतला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर दोघांचंही हे पहिलं मोठं प्रोजेक्ट.

एकार्टला हा वारसा घरातूनच मिळाला होता. त्याचे वडील हर्मान मुथेसियस जर्मनीतले नावाजलेले आर्किटेक्ट होते. इंग्लंडमधल्या घरांवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ गाजला होता. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या 'डॉइचर वेर्कबुंड' या संस्थेच्या संस्थापकांमध्येही ते होते. कलाकार, कारागीर आणि कारखानदार यांनी एकत्र काम करावं, रोजच्या वापराच्या वस्तू साध्या आणि चांगल्या असाव्यात, हा या संस्थेचा आग्रह होता.

माणिकबागेत एकार्टने हाच विचार पुढे नेला. इमारतीचा नकाशा, खोल्यांची रचना, दिवे आणि बरंचसं फर्निचर त्याने स्वतः डिझाइन केलं. उरलेल्या वस्तूंसाठी त्या काळातल्या उत्तम डिझायनरांना ऑर्डर गेल्या. खरेदीत सल्ला द्यायला आंरी-पिएर रोशे हा फ्रेंच कलासंग्राहक होता. याच रोशेने नंतर 'ज्यूल ए जिम' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावर फ्रांस्वा त्रुफोने गाजलेला सिनेमा काढला.

यात वेगळं काय होतं?

हे कळायला इंदूरमधलीच आणखी दोन घरं पाहावी लागतील.

पहिलं घर म्हणजे जुना राजवाडा. हा सात मजली वाडा मराठा पद्धतीचा आहे, वरच्या मजल्यांवर लाकडाचं काम आणि समोर भव्य दरवाजा. दुसरं घर लालबाग पॅलेस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचं काम सुरू झालं. त्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावर बेतलेलं आहे आणि आत झुंबरं, रंगवलेली छतं आणि सोनेरी नक्षी आहे. त्या काळातल्या अनेक संस्थानिकांना आधुनिक होणं म्हणजे युरोपातल्या जुन्या राजांसारखं दिसणं वाटत होतं.

यशवंतरावांनी हा रस्ता सोडला. त्यांनी युरोपातल्या राजांची नक्कल केली नाही. युरोपातले तरुण डिझायनर त्या क्षणी जे करत होते, ते त्यांनी थेट माळव्यात आणलं.

माणिकबाग बाहेरून साधी होती. आतल्या भिंतींवर नक्षी नव्हती. खोलीचा परिणाम रंग, प्रकाश आणि वस्तूंच्या आकारावर अवलंबून होता. माळव्याच्या उन्हाळ्याचा विचार करून एअर कंडिशनिंग बसवलं होतं. १९३० च्या दशकात भारतातल्या घरात ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

फर्निचर आणि इतर सामानाचा मोठा भाग युरोपात बनून जहाजाने भारतात आला. एकार्टने बांधकामाचं चित्रीकरण केलं. तयार घराचे फोटो एमिल लाइटनर या फोटोग्राफरने काढले. आज ही सजावट कशी दिसत होती हे कळतं ते मुख्यतः या कृष्णधवल फोटोंमुळेच.

आत कोणत्या वस्तू होत्या?

यादी वाचली तर विसाव्या शतकातल्या डिझाइनचं पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटतं.

लाल आरामखुर्च्या: या एकार्ट मुथेसियसच्याच. खुर्चीच्या पाठीलाच वाचनासाठी दिवे जोडलेले होते. पुस्तक घेऊन बसणाऱ्याला उठून दिवा शोधावा लागू नये, एवढा साधा हेतू.

ट्रान्सॅट खुर्ची: आयर्लंडमध्ये जन्मलेली डिझायनर आयलीन ग्रे हिची ही निर्मिती. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजांच्या डेकवरच्या खुर्च्यांवरून तिला हे नाव मिळालं. लाकडी सांगाडा आणि त्यावर झोळीसारखी टांगलेली बैठक अशी तिची रचना आहे.

झोपून आराम करायची खुर्ची: ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां यांची प्रसिद्ध 'शेज लाँग'. स्टीलच्या नळ्यांची ही खुर्ची माणिकबागेत आली तेव्हा तिच्यावर बिबट्याच्या कातड्याचं आच्छादन होतं. डिझाइन युरोपचं, पण शिकारीची हौस इथल्या संस्थानिकांची. यातला ल कॉर्बुझिए पुढे चंदीगड शहराचा आराखडा करणार होता, पण त्याला अजून वीस वर्षं होती.

काच आणि धातूचे पलंग: लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या जोडीने महाराजा आणि महाराणीच्या शयनगृहांसाठी बनवले.

अभ्यासिकेचं टेबल: फ्रान्सचा एमिल-जाक रुलमान याने केलेलं. मौल्यवान लाकडाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गालिचे: इव्हान द सिल्व्हा ब्रून याचे. वेलबुट्टी नाही, फक्त रेषा, चौकोन आणि वर्तुळं.

चांदीची भांडी: पॅरिसचा जाँ प्युइफोर्का याची, तीही अगदी साध्या भौमितिक आकारांची.

यातले आयलीन ग्रे, शार्लोत पेरियां आणि शार्लोत आलिक्स ही नावं स्त्रियांची आहेत, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांच्या कामाचं श्रेय पुढची अनेक वर्षं सोबतच्या पुरुषांच्या नावावर जात राहिलं किंवा विस्मरणात गेलं. माणिकबागेच्या यादीत मात्र ती सुरुवातीपासून आहेत.

न झालेलं मंदिर

यशवंतरावांनी रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीकडून 'बर्ड इन स्पेस' ही तीन शिल्पं घेतली. एक चकाकत्या ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं आणि एक पांढऱ्या. पंख, चोच काहीच नाही, फक्त वर झेपावणारा आकार.

या तीन पक्ष्यांसाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्वतः इंदूरला आला. पण ते मंदिर कधीच उभं राहिलं नाही.

कारण त्याआधीच घर मोडायला सुरुवात झाली होती. १९३७ मध्ये संयोगिताराजेंचा स्वित्झर्लंडमध्ये मृत्यू झाला. तेव्हा त्या विशीतच होत्या. मुलगी उषा जेमतेम चार वर्षांची होती. दोन वर्षांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपातल्या या सगळ्या मित्रमंडळींशी असलेला संबंध तुटत गेला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९६१ मध्ये यशवंतरावांचं निधन झालं. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशातल्या कितीतरी राजवाड्यांपुढे जो प्रश्न आला तोच इथेही आला: एवढं मोठं घर सांभाळायचं कसं?

लिलाव झाला, कायदा आड का आला नाही?

२५ मे १९८० रोजी सदबीज या कंपनीने मोनॅकोत माणिकबागेतल्या फर्निचरचा लिलाव केला. तोवर विस्मरणात गेलेलं हे घर त्या दिवशी जगाला पुन्हा माहीत झालं. पण माहीत झालं तेच विखुरताना.

साहजिकच प्रश्न पडतो की, हा आपला वारसा नव्हता का? मग तो वाचवणारा कायदा नव्हता का?

कायदा होता. पुरावस्तू आणि कलाठेवा अधिनियम, १९७२. पण त्यानुसार शिल्प, चित्र किंवा कारागिरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरायला किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. हस्तलिखितांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये जेमतेम ५० वर्षांचं होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती जुनी खुर्ची होती, वारसा नव्हता.

दुसरी अडचण नजरेची होती. राजवाड्याचा वारसा म्हणजे तलवारी, पालख्या, दागिने अशी आपली समजूत. स्टीलच्या नळ्यांची खुर्ची कुणी जपून ठेवेल, असं त्या काळी फार थोड्यांना वाटलं असतं.

आज काय कुठे आहे?

- ब्राँझचा 'बर्ड इन स्पेस' अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये.
- काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराची जोडी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात, कॅनबेरात.
- फर्निचर वेगवेगळ्या खासगी संग्रहांत. त्यात कतारच्या अल थानी राजघराण्यातल्या संग्राहकांचाही समावेश आहे.
- इमारत इंदूरमध्येच, माणिकबाग रस्त्यावर. तिथे केंद्रीय जीएसटी आणि उत्पादन शुल्क खात्याचं कामकाज चालतं.

२०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला म्युझियमने यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. विखुरलेल्या अनेक वस्तू त्या निमित्ताने पुन्हा एका छताखाली आल्या. फक्त ते छत इंदूरचं नव्हतं.

एक गंमत अशी की माणिकबागेचा एक छोटा तुकडा आजही विकत मिळतो. क्लासिकॉन ही म्युनिकची कंपनी एकार्ट मुथेसियसची काही डिझाइन पुन्हा बनवते. त्यातल्या छत्र्या ठेवायच्या स्टँडचं नाव आहे 'उषा' आणि कपडे अडकवायच्या स्टँडचं नाव 'मांडू'. उषा हे यशवंतरावांच्या मुलीचं नाव आणि मांडू हे इंदूरजवळचं ऐतिहासिक शहर.

ही गोष्ट आज का महत्त्वाची?

मुंबईतल्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदान परिसरातल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्याही साधारण माणिकबागेच्याच काळातल्या. त्यांचे गोलाकार सज्जे आणि दर्शनी भाग आता जगाच्या नजरेत आहेत. पण आतलं काय? टेराझोच्या लाद्या, जिन्याचे कठडे, लिफ्टचे जाळीचे दरवाजे, आजोबांच्या काळातलं गोल कोपऱ्यांचं कपाट, हे सगळं घराच्या दुरुस्तीत किंवा पुनर्विकासात पहिल्यांदा भंगारात जातं. पुणे, कोल्हापूर, नागपूरच्या जुन्या बंगल्यांतही हेच घडतं.

माणिकबागेचं उदाहरण हेच सांगतं की इमारत टिकली म्हणजे घर टिकलं असं नसतं. भिंती एका जागी राहतात, पण घराचा स्वभाव असतो तो आतल्या वस्तूंमध्ये, आणि त्या एका दिवसात निघून जाऊ शकतात.

माणिकबागेतल्या वस्तू २०३० नंतर एकेक करून १०० वर्षांच्या होतील. म्हणजे भारतीय कायद्याच्या व्याख्येनुसार त्या तेव्हा 'पुरावस्तू' ठरू शकल्या असत्या. फक्त त्यासाठी त्या भारतात असायला हव्या होत्या.