पीयूसीचा कागद आणि रस्त्यावरचा धूर

वाहनांच्या धूरतपासणीचे यश साधारणतः दिलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवरून सांगितले जाते. ही संख्या सहज उपलब्ध असते. परंतु हवेत जाणारे प्रदूषण किती घटले, हे तिच्यावरून कळत नाही. किती वाहने नापास झाली, हा आकडाही फसवा असतो. नापास होणारी वाहने कमी असणे हे वाहने सुधारल्याचे लक्षण असू शकते, तसेच तपासणी ढिली असल्याचेही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये पीयूसी तपासणी होते. वैध प्रमाणपत्र नसल्यास २०१९ पासून दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड जबर असला, तरी तपासणीची व्याप्ती मर्यादित आहे. पेट्रोल वाहनाचे इंजिन जागच्या जागी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल वाहनाचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराची गडदता पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड वायू मोजलेच जात नाहीत. हे वायू प्रामुख्याने इंजिनावर भार पडून आतले तापमान वाढल्यावर निर्माण होतात. अनमोड घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकची खरी अवस्था केंद्रासमोर उभ्या असलेल्या त्याच ट्रकवरून समजण्याची शक्यता म्हणूनच कमी.

मूल्यमापनाचा सर्वाधिक विचार अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे दोन निष्कर्ष महत्त्वाचे होते. संगणकीय प्रारूपांनी वर्तवलेल्या घटीपेक्षा प्रत्यक्षातील घट बरीच कमी होती. आणि कोणत्याही एका प्रदूषकाचा विचार केला, तर दहा टक्क्यांहून कमी वाहने निम्म्याहून अधिक प्रदूषण करतात, असे सर्वसाधारण चित्र होते. म्हणजे खरा प्रश्न त्या मोजक्या वाहनांचा आहे. ती सापडली का, दुरुस्त झाली का आणि ती दुरुस्ती टिकली का, हे पाहावे लागते.

यातही एक खोच आहे. बिघडलेल्या वाहनाचा धूर प्रत्येक वेळी सारखा नसतो. आज नापास झालेले वाहन काहीही दुरुस्ती न करता उद्या उत्तीर्ण होऊ शकते. दोन वाचनांतील हा फरक कार्यक्रमाच्या खात्यावर जमा केला, की यश फुगते. यासाठी केंद्राबाहेरचे स्वतंत्र मोजमाप आवश्यक ठरते. डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन यांच्या चमूने विकसित केलेल्या दूरसंवेदन पद्धतीत रस्त्याच्या आडवा प्रकाशझोत सोडून धावत्या वाहनाचा धूर क्षणार्धात मोजतात आणि नंबरप्लेटचे छायाचित्र घेतात. तपासणीच्या आधीचे, लगेच नंतरचे आणि काही महिन्यांनंतरचे मोजमाप शेजारी ठेवले, की सुधारणा खरी की तात्पुरती, हे उघड होते. तपासलेल्या व न तपासलेल्या वाहनांची नुसती तुलना मात्र पुरेशी नसते. वेळेवर तपासणी करून घेणारा मालक बहुधा वाहनाची निगाही अधिक राखतो.

फसवणुकीचा हिशेबही धरावा लागतो. मेक्सिको सिटीत जुन्या वाहनाच्या जागी सुस्थितीतील दुसरेच वाहन यंत्राला जोडून प्रमाणपत्र मिळवण्याचा प्रकार रूढ होता. अर्थतज्ज्ञ पाउलिना ओलिवा यांनी तो केंद्रांच्याच नोंदींतून, एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांच्या संशयास्पद साम्यावरून दाखवून दिला. आपल्याकडे दिल्लीविषयीच्या कॅगच्या अहवालातही नोंदीच बोलल्या. मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषण नोंदले जाऊनही एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेली होती, तर ७६ हजारांहून अधिक प्रकरणांत तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही एका मिनिटात उरकले होते.

मूल्यमापनाला सर्वांत उपयुक्त असते ते नापास वाहनाचे पहिले वाचन, आणि नेमके तेच आजवर हरवत आले. केंद्रचालक वाहन ‘थोडे ट्यून करून’ पुन्हा लावतो आणि उत्तीर्ण झालेला आकडाच तेवढा नोंदला जातो. २०२१ मध्ये देशभरासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरवताना केंद्र सरकारने नापास वाहनासाठी नकारपत्राचीही तरतूद केली. ही नकारपत्रे खरोखर दिली जातात का, यावरूनच एखाद्या केंद्राच्या कामाची पहिली पारख करता येते.