तळटीप : स्वच्छ खंडित कॅथेटर-पद्धती
मज्जारज्जूला इजा झाल्यावर मेंदू आणि मूत्राशय यांच्यातील संदेशवहन तुटते, त्यामुळे मूत्राशय भरल्याची जाणीव राहत नाही आणि साचलेल्या लघवीचा दाब उलट मूत्रपिंडांवर येऊन ती निकामी होऊ शकतात. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या मज्जारज्जू-इजा विभागात कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची बारीक नळी, कायम आत न ठेवता ठरावीक अंतराने निर्जंतुक करून घालण्यावर भर दिला गेला. मात्र ते काम प्रशिक्षित हातांतच राहिले. अमेरिकेतील मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये, मूत्राशय ताणले जाऊन त्याचा रक्तपुरवठा घटणे हेच संसर्गाचे मुख्य कारण असल्याचे मांडले आणि साबणाने धुतलेल्या हातांनी रुग्णाने स्वतःच दर काही तासांनी नळी घालावी, असे सुचवले. हा बदल रुग्णाच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने फार मोठा होता.