राजाचा काशू, गुत्त्याचा बिल्ला

बेंगळूरच्या किल्ल्याच्या पश्चिमेस १८९२ साली वसविलेल्या चामराजपेटेने म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण केले. परंतु तेथील दुकानदारांच्या गल्ल्यात वडियारांचे नाणे पडण्याचे दिवस तेव्हा सरले होते. चामराजेंद्रांचे दत्तकपिता तिसरे कृष्णराज यांची टांकसाळ १८३३ साली म्हैसुरातून बेंगळुरास आली आणि १८४३ साली बंद पडली. तिच्या वीस काशूंच्या तांब्याच्या नाण्यावर कन्नड, फारसी आणि इंग्रजी अशा तीन लिप्या आहेत. ज्यास जी येईल ती त्याने वाचावी!

वीस काशूंचे नाणे कंपनी सरकारनेही मद्रास इलाख्यासाठी पाडविले होते. ते घडले बर्मिंगहॅमजवळ, मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रांवर. अशा नाण्यांनी भरलेले ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच बुडाले.

परमुलखाला खुर्दा पुरविणाऱ्या या देशात घरी मात्र खुर्द्याची चणचण असे. कारखानदार व दुकानदार स्वतःच्या नावाच्या तांब्याच्या चकत्या पाडीत. १८१७ च्या कायद्याने त्या बंद झाल्या. तरीही मद्यगृहांचे बिल्ले शतक सरेपर्यंत चालत राहिले, कारण ते पैसे नव्हते. आगाऊ भरलेल्या पेयाची ती पावती होती. एका बाजूस मालकाचे व मद्यगृहाचे नाव, दीड, दोन वा तीन पेन्स एवढे मोल. दुसऱ्या बाजूस पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या ठसे कोरणाऱ्याची जाहिरात.

या बिल्ल्यांमागे गोरगरिबांची एक अडचण दडलेली आहे. आजारपण आणि अंत्यविधी यांसाठी वर्गणी जमविणाऱ्या कामगारांच्या मंडळांना बैठकीस जागा मिळे ती मद्यगृहाच्या माडीवर. भाडे रोख द्यावयाचे नसे. प्रत्येक सभासदाने ठरावीक रकमेची दारू घ्यावी, असा करार असे. त्यास ‘ओले भाडे’ म्हणत. वर्गणी भरताच हाती बिल्ला पडे आणि तो खालच्या फळीवरच वटे. म्हणजे स्वतःच्या तिरडीची तजवीज करावयाची, तर आधी मालकाच्या पिंपाची सोय पाहावयाची! न पिणाऱ्यासही यातून सुटका नसे. १८३५ साली सॅल्फर्ड येथे स्थापन झालेल्या रेकॅबाइट मंडळाने सभासदांना दारू वर्ज्य केली आणि आपल्या बैठका मद्यगृहाबाहेर नेल्या.