नाताळकथेतील नमन : ओठांचे आणि अंतःकरणाचे

नाताळच्या कथेतील उपासनेचा विचार मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांच्या दुसऱ्या अध्यायांत आढळतो. मत्तयानुसार पूर्वेकडील मागी लोक तारा पाहून यरुशलेमेस आले. त्यांची संख्या ग्रंथात नाही. तीन भेटवस्तूंवरून 'तीन ज्ञानी' ही परंपरा रूढ झाली.

ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा, या हेरोद राजाच्या प्रश्नाला मुख्य याजक व शास्त्री यांनी मीखा संदेष्ट्याच्या आधारे 'बेथलेहेम' असे अचूक उत्तर दिले. हे गाव यरुशलेमेपासून सुमारे ९ किलोमीटरवर. तरी त्यांच्यापैकी कोणी तेथे गेल्याचा उल्लेख नाही. शास्त्र ठाऊक असूनही पावले जागची हलली नाहीत.

हेरोदानेही बालकाला नमन करण्याची इच्छा बोलून दाखवली. मूळ ग्रीक संहितेत त्याच्या आणि मागींच्या नमनासाठी क्रियापद एकच आहे. हेतू मात्र भिन्न होते. हेरोदाने पुढे बेथलेहेमातील दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या हत्येचा हुकूम दिला, असे मत्तय सांगतो. मागींनी पाया पडून वंदन केले आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण केले.

लूकच्या कथेतील मेंढपाळांनी काही भेट आणल्याचे वर्णन नाही. वार्ता ऐकताच ते रात्री घाईने निघाले, गव्हाणीतील बाळ पाहून देवाचा गौरव करीत कळपाकडे परतले. मरियेने हे सारे मनात साठवून त्याचे मनन केले.

मागींच्या आगमनाचे स्मरण पाश्चात्य चर्चपरंपरेत ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाने केले जाते. संपत्ती असो वा रिकामे हात, उपासकाने स्वतः निघावे लागते, हाच या दोन्ही कथांचा बोध होय.